म्हण माय, डाऊनविंड

दुपारचे चार वाजत आले तरी लाखोळीच्या वड्यांना कोणी हात लावला नव्हता. वच्छलाबाईंनी पहाटेच डाळ वाटून ठेवली होती. नातीचा चेक, म्हणजे वैमानिकाच्या लायसनसाठीची शेवटची उडती परीक्षा, दहाला सुरू होऊन अकराला संपणार आणि बारापर्यंत सारं घर जेवायला बसणार, असा त्यांचा बेत होता. परीक्षा सव्वादहालाच संपली. ती बातमी घरी पोहोचली तेव्हा शेवटचा घाणा कढईत होता, म्हणून तोही तळला गेला इतकंच.

माजरीच्या कोळसा खाणीतून सुटी टाकून आलेला त्यांचा धाकटा मुलगा निकेश पेढ्यांचा डबा मांडीवर घेऊन ओसरीत बसला होता. डबा खाली ठेवावा तर तो सगळ्यांच्या नजरेस पडणार, न ठेवावा तर धरून किती वेळ बसायचं? थोरली सून रीता घासलेली भांडी पुन्हा घासत होती. आणि थोरला धनराज, ज्याच्या तीन शब्दांनी हे सगळं झालं होतं, तो अंगणात खाटेवर घराकडे पाठ करून बसला होता.

"माय, भाऊले जेव म्हण नं," निकेश म्हणाला.

"तूच म्हण. माह्यं ऐकते काय थो?"

"मी म्हटलं दोनदा. हूं म्हणते अन् बसते."

वच्छलाबाईंना मुलाच्या पाठीकडे बघवत नव्हतं. पन्नाशीचा माणूस, पण खांदे अगदी शाळेतून मार खाऊन आलेल्या पोरासारखे. त्यांना त्याचा रागही येत होता आणि त्याला जवळ घ्यावंसंही वाटत होतं, आणि त्या वयात दोन्ही एकदम वाटलं की बाई वडे मोजत बसते. त्या वडे मोजत बसल्या.

झालं होतं ते असं. पिपरबोडीच्या विमानशाळेत रेडिओवर धनराज बसतो. वरच्या विमानांना वारा सांगायचा, धावपट्टी मोकळी आहे की नाही ते सांगायचं, कोण कुठे आहे ते ऐकत राहायचं. आज वर त्याचीच दिव्यानी होती आणि तिच्या शेजारी बाहेरून आलेले परीक्षक. विमान पट्टीला समांतर आलं की 'डाऊनविंड' असं कळवायचं असतं. ती जागा आली आणि गेली. रेडिओवर काहीच नाही. पाच सेकंद झाले, सात झाले. मग धनराजने बटण दाबलं आणि साऱ्या आभाळाला ऐकू जाईल असं, अगदी हळू आवाजात, इकडे लेकीलाही लाडाने माय म्हणतात तसं, म्हणाला, "म्हण माय, डाऊनविंड."

आभाळात तेव्हा आणखी तीन विमानं होती. एकात केरळचा मुलगा, एकात गुजरातचा, एकात हरयाणाची मुलगी. मराठी तिघांनाही येत नाही, पण एवढं मराठी तिघांनाही कळलं. परीक्षकांनी विमान तिथूनच खाली घ्यायला लावलं. उतरल्यावर ते दिव्यानीला म्हणाले की यापुढचं तुझं असेल की तुझ्या वडिलांचं, हे मला कळायला मार्ग नाही. आणि वही मिटून चंद्रपूरच्या गेस्ट हाऊसला निघून गेले.

आता पाच वाजता शाळेच्या मुख्य प्रशिक्षक स्वाती मॅडम घरी येऊन काय ठरलं ते सांगणार होत्या. चेक पुन्हा होईल का, आणि झाला तर रेडिओवर कोण बसेल, यावर सारं अडकलं होतं.

*

रीताने शेवटचं पातेलं पालथं घातलं आणि आतल्या खोलीत गेली. दिव्यानी अजून पांढऱ्या शर्टातच होती. गादीवर बसून भिंतीला टेकली होती. रडली नव्हती. रडली असती तर रीताला काय करायचं ते ठाऊक होतं.

"माय वो, थोडंसं खाऊन घे."

"भूक नाई."

"तुह्या बाबाले मी सांगतलं होतं. काल सांगतलं, आज सकाळी सांगतलं. आज सुटी घ्या म्हटलं. तं म्हणते, रेडिओवर दुसरं कोन बसन? जसं काई विमानं याईच्याच भरोश्यावर उडते."

दिव्यानी थोडी हसली. रीताला तेवढंही पुरलं. ती लेकीच्या बाजूला बसली आणि तिने मनातल्या मनात नवऱ्याशी भांडण सुरू केलं. पंचवीस वर्षं त्याला त्या रेडिओशी वाटून घेतलं होतं तिने. दिवाळी ते होळी तर त्याच्यासाठी नाटक मंडळ्यांच्या गाड्या दारात यायच्या. झाडीपट्टीत, म्हणजे या जंगलाकडच्या नाटकांत, धनराजसारखा प्रॉम्प्टर नाही, असं लोक म्हणायचे. पडद्याआड वही घेऊन बसायचा आणि नट अडखळला की पुढचा शब्द त्याच्या कानात ठेवायचा, नटाला पोहोचायचा आणि पहिल्या रांगेला पत्ता लागायचा नाही. तसाच एकदा विमानशाळेच्या खुशाल कॅप्टननी त्याला ऐकला आणि म्हणाले, आवाज न चढवता पोहोचवणारा माणूस मला रेडिओवर पाहिजे. तेव्हा शाळेकडे एकच विमान होतं आणि पट्टीवर गाववाले धान वाळवायचे.

बाहेरून निकेशने हाक मारली. त्याला युक्ती सुचली होती. खाणीत अठरा वर्षं काढलेल्या माणसाला चौकशीत काय बोलायचं ते ठाऊक असतं, असा त्याचा स्वतःबद्दल समज होता.

"वयनी, आयका. भाऊनं म्हणाचं का बटन चिकटलं होतं. थो रूममंधी कोनाशी तरी बोलून राह्यला होता, अन् थे वर चाललं गेलं. बस. पोरीवरबी काई येत नाई, भाऊवरबी काई येत नाई."

रीताने विचार केला. खोटं तिला आवडत नव्हतं, पण आज लेकीची बाजू खोट्याकडे होती. "चालन," ती म्हणाली.

"पन रूममंधी कोनाले म्हणन थो, म्हण माय डाऊनविंड?" वच्छलाबाईंनी विचारलं.

निकेश थोडा अडला. "तुले."

"मी कवा गेली रे थ्या रूममंधी? मले काय करा लागते डाऊनविंड?"

रीताला त्या सगळ्यातही हसू फुटलं. खाटेवरची पाठ मात्र हलली नाही.

*

स्वाती मॅडम स्कूटीवरून आल्या. पंचेचाळिशीच्या, वर्ध्याकडच्या. शाळेच्या चौथ्या तुकडीतल्या विद्यार्थिनी, त्यांनाही रेडिओवर बोलायला धनराजनेच शिकवलं होतं. मग त्या मोठ्या कंपनीची विमानं उडवून आल्या, आणि मध्ये चार वर्षं बंद पडलेली शाळा नव्या मालकांनी पुन्हा सुरू केली तेव्हा शिकवायला परत आल्या. त्या चार वर्षांत विमानं नव्हती, पगार नव्हता, तरी धनराज रोज जाऊन रेडिओवरची धूळ पुसायचा. हे त्या कधी विसरल्या नाहीत.

त्यांनी आधी खाटेजवळ जाऊन "भाऊ, आत चला" म्हटलं. धनराज उठला. जे दिवसभर घराला जमलं नव्हतं ते एका वाक्यात झालं, याचं रीताला वाईट वाटलं.

"साहेब गुरुवारी पुन्हा चेक घेणार आहेत," स्वाती मॅडम बसता बसता म्हणाल्या. ओसरीवर सगळ्यांचा श्वास एकदम सुटला. "रेडिओवर कोण असेल ते शाळेनं ठरवायचं म्हणाले. पण एक शब्द जरी जास्तीचा आला तर ते कायमचं नापास लिहून देतील. तेव्हा मला आधी नीट समजलं पाहिजे. दिव्यानी, तू डाऊनविंडला बोलली का नाहीस?"

"मॅडम, थे बटन..." निकेशने सुरुवात केली.

"घाबरली होती जी," रीता म्हणाली. "रातभर झोपली नाई."

"पोरगी आहे नं बाप्पा, याद नाई राह्यलं यखांद्या येळी," वच्छलाबाई म्हणाल्या.

"थे विसरली नव्हती, थे फक्त..." निकेश म्हणाला, आणि पुढे काय ते त्यालाही ठाऊक नव्हतं.

"माह्यीच चुकी आहे," धनराज पहिल्यांदाच बोलला. "थे विसरली, मंग मले राहवलं नाई."

"मले बोलू देता काय कोनी?"

दिव्यानी दारात उभी होती. आवाज चढवला नव्हता. तो वडिलांसारखाच, हळू आणि पोहोचणारा.

स्वाती मॅडम तिच्याकडे वळल्या.

"मी विसरली नव्हती. डाऊनविंडच्या आधीच सरनं पॉवर कमी केली. इंजिन बंद पडलं असं समज अन् उतरव म्हणे. थे तं परीक्षेतच असते. मंग आधी नाक खाली घ्या लागते, स्पीड धरा लागते, पट्टीवर पोचतो का नाई थे पाहा लागते. बोलनं सगळ्यात शेवटी. हातात विमान असते नं, बाबा." ती थांबली. वडिलांकडे बघून पुढे म्हणाली, "मी चूप होती कारन मी काम करून राह्यली होती. दोन सेकंदानं बोललीच असती. मले सारं याद होतं."

स्वाती मॅडमनी मान हलवली. "आधी विमान, मग दिशा, मग बोलणं. पहिल्या दिवशी हेच शिकवते मी."

धनराजला हे नवीन नव्हतं. त्यालाच तर सगळ्यात जास्त ठाऊक होतं. तीनशेवर पोरं त्याच्या कानांसमोर शिकून गेली होती. वर अशी पॉवर कमी झाली की ती अशीच चूप व्हायची, आणि धनराज आरामात चहा ढवळत बसायचा. त्यातल्या एकालाही त्याने कधी शब्द सांगितला नव्हता. आज स्वतःच्या पोरीपाशी त्याची पंचवीस वर्षांची अक्कल कुठे गेली, ते त्याला समजत होतं आणि सांगता येत नव्हतं.

तो उठून मागच्या दारी गेला.

*

वच्छलाबाई त्याच्या मागोमाग आल्या. हातात दोन वडे होते. त्याने ते घेतले आणि तसेच धरले.

"कुरखेड्याची याद आली नं तुले?" त्यांनी विचारलं.

धनराजने आईकडे बघितलं. हा विषय त्या घरात तीस वर्षं निघाला नव्हता.

कुरखेड्याच्या मंडईतलं, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेतलं, नाटक. नथ्थू, धनराजचा बाप, मुख्य भूमिकेत. लेकीची पाठवणी करणारा बाप रंगवायचा तो, आणि साऱ्या झाडीत त्याच्या त्या प्रवेशाला बाया पदर डोळ्याला लावायच्या. एकोणीस वर्षांचा धनराज पहिल्यांदाच वही घेऊन पडद्याआड बसला होता. नथ्थू बोलता बोलता थांबला. धनराजला वाटलं, बाप मुद्दाम थांबला आहे, आता रडेल. तो वाट बघत राहिला. नथ्थूला पुढचं आठवत नव्हतं. मांडवात कोणीतरी शिट्टी वाजवली, मग सारा मांडव हसला. नथ्थू त्यानंतर कधी रंगमंचावर चढला नाही. पुढे विमानशाळा निघाली तेव्हा तिथे कामाला लागला. विमान उतरायच्या आधी पट्टीवर जायचं, गाई हाकलायच्या, बायांना धान गोळा करायला सांगायचं. नाटकातला तो आवाज अर्ध्या कोसावर जायचा. मरेपर्यंत त्याने गाईंवरच वापरला.

"बाबा मले काईच बोलले नाई तवा," धनराज म्हणाला. "एक शिवी दिली असती तं बरं झालं असतं."

"थ्याईच्या मनात नव्हतंच काई. मले म्हणत, माह्यंच ध्यान गेलं, पोराचं काय चुकलं?"

"मले काऊन नाई सांगतलं?"

"तू इचारलं कवा?" वच्छलाबाई म्हणाल्या. "मले वाटे, याले ठाऊक असन. बापू, थो माणूस खरंच विसरला होता. हे पोरगी विसरली नाई. बाहेरून दोन्ही चूप सारखेच दिसते. तुले कसं समजन?"

धनराज खाली बसला आणि रडला. बाहेर मॅडम बसल्या आहेत, धाकटा भाऊ बसला आहे, हे सारं माहीत असून रडला. इतरांच्या गप्प राहण्यात त्याला इंजिन ऐकू येत होतं. दिव्यानीच्या गप्प राहण्यात मात्र कुरखेड्याचा मांडव ऐकू आला होता. वच्छलाबाई त्याच्या डोक्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या, आणि त्यांच्या हाताचं वड्यांचं तेल त्याच्या केसांना लागलं ते दोघांच्याही लक्षात आलं नाही.

*

ओसरीवर तोवर ठरून गेलं होतं. गुरुवारी करिष्मा बसेल. तीन महिन्यांपूर्वी रेडिओवर आलेली मुलगी, सिंदेवाहीची, हुशार. निकेश बटणाची युक्ती विसरून आता करिष्माच्या बाजूने जोरात बोलत होता. रीता तर आधीपासूनच त्या बाजूला होती. धनराज तोंड धुऊन आला आणि त्याने स्वतःच सांगितलं, "करिष्माच बसन. मी त्या दिवशी पट्टीवर येतबी नाई. घरी राहीन."

"बाबा बसतीन," दिव्यानी म्हणाली.

"पागल झाली काय?" रीता उसळली. "यखांदा शब्द निंगला याईच्या तोंडातून तं तुह्यं सारं..."

"आई, उद्या मी कुठीबी उडन. दिल्लीत उडन, कोचीत उडन. तिथी रेडिओवर बाबा राह्यतीन काय? लहानपनापासून मी बाबाचाच आवाज ऐकत आली. शेवटच्या चेकले दुसऱ्याचा आवाज मले नाई पाह्यजे." मग ती वडिलांकडे वळली आणि तिचा आवाज पहिल्यांदा डगमगला. "पन बाबा, तुमी माह्या मागून बोला. माह्या आधी नाई. जमन काय?"

धनराजला हो म्हणवेना. निकेशने त्याच्या वतीने तोंड उघडलं, तेव्हा वच्छलाबाईंनी धाकट्या मुलाच्या गुडघ्यावर चापटी मारली. त्यांची बाजू केव्हा बदलली ते त्यांनाही कळलं नव्हतं.

"त्याले म्हणू दे," त्या म्हणाल्या.

 बांधावरच्या बोरीत पोपट भांडत होते.

"मले ठाऊक नाई जमन का नाई," धनराज म्हणाला. "पन मी बसतो."

स्वाती मॅडमनी रीताकडे बघितलं. रीताने काही न बोलता वड्यांची टोपली मध्ये आणून ठेवली. तिची तेवढीच संमती होती. निकेशने अखेर पेढ्यांचा डबा खाली ठेवला, पण उघडला नाही.

*

गुरुवारी वारा उत्तरेकडून मंद होता. रेडिओच्या खोलीत धनराज, आणि पलीकडच्या खुर्चीत करिष्मा. भिंतीवर शाळेच्या पहिल्या दिवसापासूनचे फोटो, पहिल्यांदा एकटं उडून आलेल्या पोरापोरींचे, ओल्या चिंब कपड्यांतले, कारण एकट्याने उडून आलं की बादलीभर पाणी अंगावर ओतायची इथली रीत. त्यात या तालुक्यातला चेहरा एकच होता, दिव्यानीचा, आणि ती आता वर होती.

पाऊण तास सगळं सुरळीत गेलं. रेडिओवर तिचं विमान 'आल्फा किलो' आणि ही खोली 'बेस'; तिने विचारलं, त्याने वारा सांगितला. तिने कळवलं, त्याने ऐकलं असं कळवलं. मग विमान पट्टीच्या बाजूला आलं आणि खिडकीतून त्याला इंजिनाचा आवाज पडलेला ऐकू आला. परीक्षकांनी पुन्हा तेच केलं होतं, पुन्हा तिथेच.

रेडिओ गप्प झाला.

धनराजच्या ओठांवर शब्द आला. अक्षरशः आला, जिभेच्या टोकावर. त्याने दोन्ही हात मांड्यांखाली घातले आणि त्यांवर सगळं वजन टाकून बसला. करिष्मा त्याच्याकडे बघत होती. त्याने डोळे मिटले आणि विमान ऐकायचा प्रयत्न केला, नुसतं विमान. पाच गेले. सात गेले. नऊ, दहा. तिचं नाक खाली असेल आता. तिने वेग धरला असेल. ती पट्टीकडे बघत असेल. अकराव्याला त्याला पहिल्यांदा वाटलं की या गप्प राहण्यात भिण्यासारखं काही नाही, आत माणूस आहे आणि तो काम करतो आहे.

"बेस, आल्फा किलो, डाऊनविंड, पॉवरशिवाय उतरते आहे," इंग्रजीतून दिव्यानीचा आवाज आला, अगदी निवांत.

त्याने हात काढले. बधिर झाले होते. वारा सांगितला, पट्टी मोकळी आहे ते सांगितलं. जास्तीचा एक शब्द नाही.

विमान उतरलं, पट्टीच्या शेवटी वळलं आणि शेडपुढे येऊन थांबलं. काचेआड परीक्षक वहीत काहीतरी लिहिताना दिसले. मग त्यांनी हात पुढे केला आणि दिव्यानीने तो हातात घेतला.

या शाळेत एक पद्धत आहे, धनराजनेच पाडलेली. चेक पास झालेला विद्यार्थी विमान बंद करायच्या आधी रेडिओवर बेसला कळवतो, आणि बेस त्याला पहिल्यांदा कॅप्टन म्हणतो. तीनशेवर जणांना धनराजने असं म्हटलं होतं, केरळच्या, पंजाबच्या, मणिपूरच्या. त्यांतले काही आता मोठमोठी विमानं उडवतात आणि दिवाळीला फोन करतात, तेव्हाही त्यांना आधी तोच शब्द आठवतो.

"बेस, आल्फा किलो. चेक पूर्ण. पास."

धनराजने बटण दाबलं. दोनच शब्द, तोंडपाठ. वेलकम, कॅप्टन. तोंडातून काही येईना. त्याने बटण सोडलं, पुन्हा दाबलं.  करिष्मा पुढे झुकली आणि हळूच म्हणाली, "भाऊ, वेलक..." त्याने मान हलवून तिला थांबवलं.

वरच्या इतर विमानांतून कोणी बोललं नाही. शेडपुढच्या विमानाचा पंखा फिरत होता. काचेआड दिव्यानी रेडिओच्या खोलीच्या खिडकीकडे बघत होती. तिने पुन्हा कळवलं नाही, काही विचारलं नाही. वडिलांना हवा तेवढा वेळ घेऊ देत ती बसून राहिली.